प्रयोगशाळेतले रॅट, माइस आणि नवी संयुगं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वारणानगरपासून गडहिंग्लजपर्यंत आणि कोल्हापूर शहरात शिवाजी विद्यापीठाच्या आसपास फार्मसी, मेडिकल, आयुर्वेद, प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. थिसिसचे दिवस जवळ आले की फार्माकॉलॉजी शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांकडे तेच तेच प्रश्न येतात. काही विद्यार्थ्यांचे, काही पालकांचे, तर काही ‘उंदरावर सिद्ध झालेलं’ चूर्ण घेऊ का, असं विचारणाऱ्यांचे. ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो आले तसेच ठेवलेत. जिथे एका उत्तरात दुसरं मिसळायला लागलं, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रॅट घ्यायचा की माऊस? नाहीतरी दोन्ही उंदीरच ना?

दोन्ही वेगळ्या जाती आहेत आणि औषधाला देतात तो प्रतिसादही वेगळा असतो. मॉर्फिनचं उदाहरण घ्या. रॅटला दिलं तर तो आधी मंदावतो, एका जागी पडून राहतो. माऊसला दिलं तर तो पिंजऱ्यात फेऱ्या मारत सुटतो आणि शेपटी पाठीवर ताठ उभी करतो. या शेपटीचं वर्णन श्ट्राउब यांनी १९११ मध्ये केलं होतं.

निवड करताना आधी संयुग किती आहे ते पाहा. झाडातून महिनाभर खपून जेमतेम काही मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ निघाला असेल तर २५ ग्रॅमचा माऊस परवडतो, २५० ग्रॅमचा रॅट नाही. उलट, रक्ताचे नमुने पुन्हा पुन्हा घ्यायचे असतील तर रॅट बरा. माऊसच्या अंगात सगळं मिळून दोन मिलिलिटरही रक्त नसतं, रॅटमध्ये साधारण सोळा मिलिलिटर असतं.

मग येते जातकुळी, म्हणजे स्ट्रेन. आपल्याकडे विस्टार रॅट आणि स्विस अल्बिनो माइस जास्त दिसतात. विस्टार १९०६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाला, आणि स्विस माइस १९२६ मध्ये लोझानहून अमेरिकेत नेले गेले. थिसिसमध्ये नुसतं ‘अल्बिनो रॅट’ लिहू नका. स्ट्रेन, लिंग, वय, वजन आणि कुठल्या ब्रीडरकडून आणले हे सगळं लिहा.

२. उंदराला चिंता वाटते हे तुम्हाला कसं कळतं? तो काय बोलून दाखवतो का?

नाही. आपण मोजतो ती हालचाल, आणि तिचा अर्थ आपण लावतो. या पानावरची निम्मी उत्तरं याच फटीतून निघालेली आहेत.

एलेव्हेटेड प्लस मेझ घ्या. जमिनीपासून सुमारे ५० सेंटिमीटर उंच, अधिकच्या चिन्हासारखा लाकडी रस्ता. दोन भुजांना भिंती, दोन उघड्या. रॅटला मध्ये ठेवायचं आणि पाच मिनिटं पाहायचं. उंदराला उंची आणि उजेड नको असतो, पण नवी जागा हुंगायचीही असते. डायझेपामसारखं चिंतेवरचं औषध दिलं की तो उघड्या भुजेत जास्त वेळ काढतो. त्यावरून आपण म्हणतो की चिंता कमी झाली.

ओपन फील्ड ही त्याहून जुनी चाचणी, कॅल्विन हॉल यांची, १९३४ ची. मोकळ्या चौकात उंदीर कडेकडेनं फिरतो की मधे येतो, मागच्या पायांवर किती वेळा उभा राहतो, लेंड्या किती टाकतो हे त्यात पाहतात. रोटारॉडवर तोल, ॲक्टोफोटोमीटरवर एकूण हालचाल, हॉट प्लेटवर वेदना, मॉरिस वॉटर मेझमध्ये स्मरण अशी प्रत्येकाची वेगळी चाचणी आहे. एकाही चाचणीत मन दिसत नाही, म्हणून दोन-तीन चाचण्या एकमेकींना ताडून पाहाव्या लागतात (प्रश्न १२).

३. वर्तन आणि शरीरक्रिया असे दोन भाग का करता? औषध तर एकच असतं.

मोजायची साधनं वेगळी म्हणून. शरीरात दोन्ही एकत्रच चाललेलं असतं. सर्पगंधेतलं रेसरपिन बघा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर सर्पगंधा कशी चालते हे ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं झालं. ते रॅटला दिलं की पापण्या उतरतात, अंग गार पडतं, रक्तदाब घसरतो आणि तो ठेवला तसा बसून राहतो. चारही गोष्टींचं मूळ एकच: मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेलं नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन आणि सेरोटोनिन रिकामं होतं. आता कुणी फक्त हालचाल मोजली आणि तापमान घेतलंच नाही, तर ‘शांत करणारं औषध’ म्हणून मोकळा होईल. गार पडलेला प्राणीही हलत नाही.

म्हणून नव्या संयुगाच्या पहिल्या दिवशी कुठल्याही मेझला हात लावू नका. आधी नुसतं निरीक्षण करा: केस उभे आहेत का, डोळे, श्वास, लाळ, चाल, पकड, गुदद्वाराचं तापमान. सॅम्युएल अर्विन यांनी १९६८ मध्ये अशा निरीक्षणाची पद्धतशीर यादी दिली होती आणि ती अजून चालते. नेमका हाच दिवस वाचवायला जातात सगळे.

४. सर, उंदराला चाललं म्हंजे माणसाला चालणारच की?

नाही. याला दोन बाजूंनी उत्तर द्यावं लागतं.

एक, उंदराला काही झालं नाही म्हणून माणसाला होणार नाही, असं नाही. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलं आणि १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं. तोवर दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. नंतर गाभण प्राण्यांवर पाहिलं तेव्हा रॅट आणि माइसमध्ये ते व्यंग जवळजवळ उमटतच नव्हतं, काही जातींच्या सशांत उमटलं.

दोन, उंदराला फायदा झाला म्हणून माणसाला तेवढाच होईल, असंही नाही. इथलं उदाहरण नरक्याचं. राधानगरी-आंबा घाटाच्या रानात हा वृक्ष वाढतो आणि चोरट्या तोडीमुळे त्याचं नाव अधूनमधून ऐकू येतं. त्याच्यात कॅम्पटोथेसिन असतं. हे संयुग १९६६ मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. (मनसुख वाणी आपल्याच नंदुरबारचे.) माइसच्या रक्ताच्या कर्करोगात त्यानं सुरेख काम केलं. माणसांवर सत्तरच्या दशकात चाचण्या झाल्या तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव आणि इतर दुष्परिणाम एवढे झाले की त्या थांबवाव्या लागल्या. पुढे एक कारण कळलं. या रेणूत एक कडं असतं. ते बंद असेल तर रेणू काम करतो, उघडलं तर निकामी. माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन उघड्या रूपाला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे कामाचं रूप फार थोडं उरतं. माऊसचं अल्ब्युमिन तसं करत नाही. म्हणजे औषध तेच, कर्करोगही ताब्यात येण्याजोगा, आणि फरक पडला रक्तातल्या एका प्रथिनानं. नंतर रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन आली, ती आजही वापरात आहेत.

नरक्याची साल उकळून पिणाऱ्यांनी ही गोष्ट अर्धवट ऐकलेली असते.

५. पेपरात लिहिलंय ‘४०० मिलिग्रॅम प्रतिकिलो डोसला साखर उतरली’. मी ६० किलोची. मग २४ ग्रॅम घेऊ?

असा सरळ गुणाकार करू नका. लहान प्राण्याचं चयापचय वेगानं चालतं, म्हणून डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं बदलतात. माऊससाठी ३, रॅटसाठी ६ आणि माणसासाठी ३७ असे आकडे वापरतात. रॅटचा डोस गुणिले ६ भागिले ३७ केलं की माणसाचा समतुल्य डोस येतो. ४०० चे झाले सुमारे ६५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला जवळजवळ ३.९ ग्रॅम.

पण ते अर्काचे आहेत, पाल्याचे नाहीत. शंभर ग्रॅम सुक्या पाल्यातून आठ ग्रॅम अर्क निघाला असं धरलं, तर रोज सुमारे ४९ ग्रॅम पाला खावा लागेल. दुकानातली कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची असते आणि बऱ्याचदा नुसत्या पावडरीची. तेव्हा ‘उंदरांवर सिद्ध’ हे वाक्य खरं असलं तरी त्या कॅप्सूलबद्दल ते काहीच सांगत नाही.

हा हिशेब संशोधक पहिल्या मानवी चाचणीचा डोस ठरवायला वापरतात, तोही सुरक्षित ठरलेल्या डोसचा आणखी दहावा भाग करून. घरी औषध घ्यायचं हे कोष्टक नव्हे. साखरेची गोळी चालू असताना असला अर्क सुरू करायचा असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना सांगा.

६. उलटं कसं करायचं? माणसाची गोळी ५०० मिलिग्रॅमची, रॅटला किती द्यायची?

कॉलेजात पॅजेट आणि बार्न्स यांचं १९६४ चं कोष्टक चालतं. माणसाचा डोस गुणिले ०.०१८ म्हणजे २०० ग्रॅम रॅटचा डोस. ५०० चे झाले ९ मिलिग्रॅम, म्हणजे ४५ मिलिग्रॅम प्रतिकिलो. प्रश्न ५ मधल्या पद्धतीनं ७० किलोचा माणूस धरून केलं तर साधारण ४४ येतात. दोन्ही जुळतात. २० ग्रॅम माऊससाठी ०.००२६ नं गुणा.

७. नवं संयुग विषारी आहे का हे पाहायला एलडी-५० काढावीच लागते का?

जुन्या पद्धतीची नाही. निम्मे प्राणी कुठल्या डोसला मरतात हे मोजायची पद्धत ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये मांडली. त्यासाठी ढिगानं प्राणी लागत. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची त्या पद्धतीची मार्गदर्शिका क्रमांक ४०१ रद्द होऊन वीस वर्षं उलटली. आता ४२०, ४२३ किंवा ४२५ वापरतात.

इकडे ४२३ चालते. एका टप्प्याला एकाच लिंगाचे तीन प्राणी, बहुधा माद्या. सुरुवातीचा डोस ५, ५०, ३०० किंवा २००० मिलिग्रॅम प्रतिकिलो यांतला एक. किती मेले त्यावर पुढची पायरी. निरीक्षण चौदा दिवस. डोसआधी रॅटला रात्रभर उपाशी ठेवतात, माऊसला मात्र तीन-चार तासच, कारण रात्रभरच्या उपासानं तो खंगतो. पाणी दोघांचंही काढायचं नाही.

‘२००० ला एकही मेला नाही, म्हणून संयुग पूर्ण सुरक्षित’ हे वाक्य थिसिसमधून काढून टाका. एका डोसला चौदा दिवसांत मेला नाही, एवढंच कळलं. रोज २८ किंवा ९० दिवस दिल्यावर यकृत-मूत्रपिंडाचं काय होतं, यासाठी ४०७ आणि ४०८ आहेत.

८. परवानगी कोणाची लागते? गाइडनं हो म्हटलं तर पुरे ना?

पुरत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, त्याखालचे प्रयोगांविषयीचे नियम १९९८ चे. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या समितीला आता सीसीएसईए म्हणतात, जुन्या कागदांवर सीपीसीएसईए सापडेल. संस्थेचं ॲनिमल हाउस तिच्याकडे नोंदलेलं असावं लागतं आणि तुमचा प्रस्ताव संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे, म्हणजे आयएईसीपुढे, फॉर्म बी भरून ठेवावा लागतो. तिच्यात पशुवैद्य असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो, सीसीएसईएनं नेमलेला प्रतिनिधी असतो. प्राणी परवानगीनंतरच मागवायचे. ‘काम झालंय, मागच्या तारखेचं पत्र मिळेल का’ असं विचारणारे दरवर्षी भेटतात. मिळत नाही, आणि नियतकालिकं मंजुरी क्रमांकाशिवाय पेपर घेत नाहीत.

९. विज्ञान प्रदर्शनासाठी दुकानातून पांढरे उंदीर आणून घरी प्रयोग केला तर? किंवा शेतातले पकडले तर?

दोन्ही नको. घरी असा प्रयोग करणं बेकायदा आहे, आणि उसाच्या फडातला उंदीर लेप्टोस्पायरा हे रोगजंतू घेऊन फिरत असू शकतो. त्याचं वय, आधीचे आजार, पोटात गेलेलं विष यांतलं काही माहीत नसतं, त्यामुळे निकालालाही अर्थ नाही.

शाळकरी मुलांना हा विषय आवडत असेल तर सिम्युलेशन दाखवा. पुद्दुचेरीच्या जिपमरमध्ये तयार झालेलं एक्सफार्म आमचे बी.फार्म.चे विद्यार्थी वापरतात. पदवीच्या प्रात्यक्षिकांत आता जिवंत प्राणी नाहीतच.

१०. प्रत्येक गटात सहाच प्राणी का?

बहुतेक जण मागच्या थिसिसमध्ये सहा होते म्हणून सहा घेतात. कारण असं नसतं. ढोबळ तपासणीला एक सोपं सूत्र आहे: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करा, उत्तर १० ते २० मध्ये यायला हवं. पाच गट सहाचे केले तर ३० वजा ५, म्हणजे २५. थोडे जास्तच झाले. पाचाचे केले तर २०, ठीक. पण अपेक्षित फरक लहान असेल तर हे सूत्र सोडून संख्याशास्त्राच्या माणसाकडून पॉवरचा, म्हणजे तो फरक ओळखायला किती प्राणी लागतील याचा, हिशेब करून घ्या. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास कमी करा हे तीन नियम मांडले. संख्या घटवा म्हणजे एवढी कमी करा असं नव्हे, की निकालच लागू नये. तसं झालं तर होते ते सगळे वाया गेले.

कुठला प्राणी कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवा. पिंजऱ्यात हात घातल्यावर आधी हाताला लागतो तो मंद असतो किंवा आजारी. पहिले सहा कंट्रोल (औषध न देता तुलनेसाठी ठेवलेले), पुढचे सहा टेस्ट (औषध दिलेले), असं केलं की फरक प्रयोगाआधीच पडलेला असतो.

११. पावसाळ्यात रीडिंग बिघडतात असं सिनियर म्हणतात. खरं की थाप?

खरं. खोलीत तापमान २२ अंश, तीन अंश इकडेतिकडे, आर्द्रता ३० ते ७० टक्के आणि बारा तास उजेड, बारा तास अंधार असावा लागतो. जुलैत कोल्हापुरात आर्द्रता सत्तरच्या वर सहज जाते. बेडिंग ओलं राहतं, मुतातून अमोनिया सुटतो, श्वसनाचे आजार येतात. आठवड्यातून दोनदा बेडिंग बदलत असाल तर पावसात त्याहून लवकर बदला.

बेडिंगविषयी आणखी एक. भाताचं तूस इथं स्वस्त मिळतं, चालतं, फक्त ऑटोक्लेव्ह करून घ्या. पण वखारीतला भुसा आणू नका. पाइन-देवदारासारख्या लाकडाच्या भुशातली बाष्पं यकृतातली एन्झाइम वाढवतात आणि मग औषध लवकर मोडतं. झोपेच्या किंवा यकृताच्या प्रयोगात (प्रश्न १५) हे पुरतं नडतं.

गणपतीत काय करायचं, हेही विचारतात. मिरवणुकीच्या मार्गाजवळ कॉलेज असेल तर त्या आठवड्यात वर्तनाच्या चाचण्या ठेवूच नका. डॉल्बीचा दणका भिंतीतून पिंजऱ्यापर्यंत जातो, आणि उंदरांना आपल्याला ऐकू न येणारे वरचे स्वरही ऐकू येतात. काही स्ट्रेनची पिल्लं, उदाहरणार्थ डीबीए-२ माइस, मोठ्या आवाजानं झटके येऊन मरतात. दिवाळीलाही तेच. वेळापत्रक करताना कॅलेंडर समोर ठेवा.

१२. माझ्या अर्कानं प्लस मेझच्या उघड्या भुजेतला वेळ वाढला. म्हणजे चिंता कमी झाली ना?

त्याआधी एक आकडा द्या: एकूण भुजांत किती वेळा गेला? किंवा बंद भुजांत किती वेळा? तो आकडा कोसळला असेल तर प्राणी गुंगीत आहे. एकदा उघड्या भुजेत गेला आणि तिथेच बसला. आकडा फुगला असेल तर प्राणी उत्तेजक द्रव्यामुळे सगळीकडेच पळतोय. हालचाल जवळपास तीच राहून उघड्या भुजेचा वाटा वाढला, तर दावा उभा राहतो. त्याच डोसला, वेगळ्या प्राण्यांवर, ॲक्टोफोटोमीटर आणि रोटारॉड करून जोडा.

१३. तोच रॅट आठवड्यानं पुन्हा प्लस मेझवर घेतला. आता डायझेपामसुद्धा चालत नाही. बाटली खराब झाली का?

बाटली बरोबर असेल. एकदा मेझ पाहिलेल्या रॅटवर दुसऱ्या वेळी डायझेपामच्या, म्हणजे बेंझोडायझेपिन, गटाची औषधं जवळजवळ निष्प्रभ ठरतात, आणि हे ऐंशी-नव्वदच्या दशकांत वारंवार दिसलं आहे. पहिल्या वेळी औषध दिलं होतं की नव्हतं, यानं फरक पडत नाही. म्हणून या चाचणीला दर वेळी नवा प्राणी. ‘आधी आणि नंतर’ अशी मांडणी इथे चालत नाही.

१४. फोर्स्ड स्विम टेस्टमध्ये अचल काळ कमी झाला. नैराश्यावरचं औषध सापडलं म्हणू का?

नको. पोरसोल्ट यांची ही १९७७ ची चाचणी. पाण्याच्या उभ्या नळकांड्यात उंदीर किती वेळ हातपाय न हलवता तरंगतो ते मोजतात आणि ज्ञात औषधांनी तो वेळ घटतो. पण कॅफिननं, ॲम्फेटामिननंही घटतो. म्हणून ओपन फील्डमधली हालचाल वाढलेली नाही हे दाखवावं लागतं. पाणी गार असेल तर निकाल बदलतात, तापमान लिहा.

शिवाय तरंगणं म्हणजे हताशा, हे गृहीतकच आज अनेकांना पटत नाही. पाण्यात शक्ती वाचवायला शिकणं असाही त्याचा अर्थ लावतात. मला स्वतःला ही चाचणी एकटी वापरलेली पाहिली की थिसिस बाजूला ठेवावासा वाटतो. आयएईसीनं ‘हीच का?’ असं विचारलं तर चिडू नका, उत्तर तयार ठेवा.

१५. अर्क दिल्यावर पेंटोबार्बिटोनची झोप दुप्पट झाली. आणि दुसऱ्या प्रयोगात कार्बन टेट्राक्लोराइडपासून यकृत वाचलं. दोन्ही गुण एकाच झाडात?

असतीलही. पण दोन्हींमागे तिसरंच काही असू शकतं: तुमचा अर्क यकृतातली एन्झाइम अडवत असेल.

पेंटोबार्बिटोन यकृतात मोडतं. मोडायचं थांबलं की झोप लांबते, मेंदूवर अर्काचा काही परिणाम नसला तरी. कार्बन टेट्राक्लोराइडचं उलट. ते स्वतः फारसं इजा करत नाही, यकृतातलं सीवायपी-२ई-१ हे एन्झाइम त्याचं घातक रूप बनवतं. एन्झाइम बंद, तर विष तयारच होत नाही. रक्तातले यकृताच्या इजेचे आकडे, म्हणजे एएलटी-एएसटी, उतरलेले दिसतात आणि आपण ‘यकृतरक्षक’ लिहून मोकळे होतो. ज्याचं यकृत दारूनं किंवा कावीळीनं आधीच बिघडलंय, त्याला अशा अर्काचा काय उपयोग?

तपासायचं कसं? अर्क विषाच्या आधीच न देता नंतर देऊन बघा. इजेची दुसरी पद्धत घ्या, जिथे हे एन्झाइम लागत नाही. पॅरासिटामॉल घेऊ नका, तेही याच वाटेनं जातं. झोपेसाठी बार्बिटल घ्या, ते यकृतात फारसं मोडत नाही.

१६. स्ट्रेप्टोझोटोसिन दिलं, रात्रीत चार रॅट मेले. डोस तर पुस्तकातलाच होता.

हे द्रव्य प्रयोगासाठी रॅटला मधुमेह करायला देतात. पण तुमचे बहुधा साखर वाढून नव्हे, घटून मेले. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी फुटताना साठवलेलं इन्शुलिन एकदम बाहेर पडतं आणि काही तासांनी रक्तातली साखर खोल जाते. त्या रात्री पिण्याच्या पाण्यात ग्लुकोज द्यायचं असतं आणि खाणं लगेच चालू करायचं असतं. द्रावण थंड सायट्रेट बफरमध्ये, सामू ४.५, ऐनवेळी करायचं. ठेवलं की त्याची ताकद जाते. मधुमेह झाला का ते ७२ तासांनी पाहा. माद्यांत तो कमी पकडतो. आणि हातमोजे, मास्क घाला, हे द्रव्य हाताळणाऱ्यालाही घातक आहे.

१७. रॅटच्या डोळ्यांतून रक्त येतंय!

बहुतेक वेळा रक्त नसतं. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून पॉर्फिरिन असलेला लाल स्राव येतो. ताण, आजार किंवा काही औषधांनी तो वाढतो, आणि अंग चाटून साफ करायचं थांबलेल्या रॅटमध्ये तो नाकाडोळ्यांभोवती साचतो. त्याची नोंद करा, तेही एक निरीक्षण आहे. पशुवैद्याला दाखवा.

१८. रॅट उलटी करतच नाहीत, मग मळमळ कशी ओळखायची?

मळमळणारे रॅट माती खातात. केओलिनच्या गोळ्या पिंजऱ्यात ठेवून किती खाल्ल्या ते वजन करतात. कर्करोगाच्या औषधांसाठी ही रीत वापरतात. माऊसमध्ये ती तितकी भरवशाची नाही.

१९. कंट्रोल गटाचेच आकडे हललेत. आता काय?

आधी पाहा, कंट्रोलला काय दिलं होतं. अर्क डीएमएसओ किंवा ट्वीन ८० मध्ये विरघळवून टेस्ट गटाला द्यायचा आणि कंट्रोलला साधं पाणी, हे सर्रास दिसतं. कंट्रोलला तेच द्रावक, तेवढंच, त्याच मार्गानं मिळालं पाहिजे. तोंडावाटे आकारमान १०० ग्रॅमला १ मिलिलिटरच्या आत ठेवा.

मग हाताळणी. माऊसला शेपटीनं उचललं तर तो बावरतो, ओंजळीत किंवा नळीतून उचलला तर कमी. हे २०१० मध्ये लिव्हरपूलच्या गटानं दाखवलं. २०१४ मध्ये माँट्रिअलच्या गटानं आणखी विचित्र गोष्ट दाखवली: प्रयोग करणारा पुरुष असेल तर उंदीर वेदना कमी दाखवतात, नुसता त्याचा घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी. तेव्हा सोमवारी पाटील आणि गुरुवारी पाटलीणबाई असं करू नका. एकाच माणसानं सगळे गट करावेत आणि कुठला गट कुठला हे रीडिंग घेणाऱ्याला माहीत नसावं. प्रयोगाआधी आठवडाभर प्राण्यांना हाताची सवय करा. शेपटीच्या पट्ट्यानं रक्तदाब मोजणार असाल तर हे दुप्पट खरं.

२०. फक्त नरच का घेतात? माद्यांचं चक्र अडचणीचं असतं म्हणून?

तो समज आहे. माद्यांचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं, पण २०१४ मध्ये शेकडो पेपरांतले माइसचे आकडे एकत्र पाहिले तेव्हा माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले नव्हते. औषध दोघांना देणार असाल तर दोघांवर पाहा.

२१. प्रयोग झाल्यावर प्राण्यांचं काय करतात? सोडून देता येतात का?

मोकळे सोडता येत नाहीत. अवयव तपासायचे असतील तर मंजूर पद्धतीनं, बेशुद्धीच्या औषधाचा जादा डोस किंवा हळूहळू सोडलेला कार्बन डायऑक्साइड वापरून, वेदना न देता मृत्यू देतात. शव पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात जातं. त्रासाची हद्द, म्हणजे किती वजन घटलं किंवा काय लक्षण दिसलं की प्रयोग तिथेच थांबवायचा, ही फॉर्म बी भरतानाच ठरवावी लागते.

२२. आता प्राण्यांशिवायही औषधं मंजूर होतात म्हणे. मग हे शिकायचं कशाला?

अमेरिकेनं डिसेंबर २०२२ मध्ये आणि भारतानं मार्च २०२३ मध्ये नियम बदलून पेशी, ऑर्गन-चिप (अवयवासारखं काम करणाऱ्या पेशींची चिप), संगणकी प्रारूपं अशा पद्धतींना वाट करून दिली. ‘प्राणी बंद’ असं कुठे लिहिलेलं नाही. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी मात्र भारतात २०१४ पासून बंद आहे. यकृताच्या पेशींवर विषारीपणा बघता येतो, पण चिपला चक्कर येत नाही की भूक मंदावत नाही. वर्तनासाठी प्राणी अजून काही काळ लागणार असं माझं मत आहे. आणि आधी छापलेले हजारो पेपर वाचायला तरी हे शिकावंच लागेल.

२३. आमचा निकाल सांगलीच्या मैत्रिणीच्या कॉलेजात आला नाही. एकजण खोटं बोलतोय का?

तसं असेलच असं नाही. १९९९ मध्ये क्रॅब, वॉल्स्टेन आणि डुडेक यांनी पोर्टलँड, एडमंटन आणि ऑल्बनी इथल्या तीन प्रयोगशाळांत तेच स्ट्रेन, तीच उपकरणं, तेच वय, दिवसाची तीच वेळ ठेवून वर्तनाच्या त्याच चाचण्या केल्या. तरी काही चाचण्यांचे आकडे जागेप्रमाणे बदलले. स्ट्रेनमधले मोठे फरक टिकले, बारीक फरक टिकले नाहीत.

दोघी बसून वह्या जुळवा. क्रम असा: झाड कुठलं, कुठल्या महिन्यात तोडलं, अर्क कशात काढला, द्रावक काय (प्रश्न १९), प्राणी कुठून आले, बेडिंग आणि मोसम (प्रश्न ११), दिवसा केलं की अंधारात, कारण उंदीर दिवसा झोपतो, आणि रीडिंग कोणी घेतलं. बहुतेक वेळा फरक पहिल्या तीनांतच सापडतो. पन्हाळ्यावरचं आणि बाजारातलं एकाच नावाचं झाड एकच आहे, हे वनस्पतिशास्त्र विभागातून ओळख पटवून हर्बेरियमचा (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचा) क्रमांक घेतल्याशिवाय दोघींनाही म्हणता येणार नाही.